रिओहा: चव द्राक्षाची की पिंपाची?

मुळाकाठ

गेल्या ऑक्टोबरात कामानिमित्त स्पेनमध्ये बिल्बाओला जाणं झालं. काम आटोपल्यावर दोन दिवस रजा टाकली आणि रिओहा या वाइनसाठी प्रसिद्ध प्रदेशातल्या आरो या गावी जाऊन राहिलो. वाइन मी गेली दहाएक वर्षं पितोय, पण जाणकार वगैरे नाही. आवडली तर दुसरा ग्लास, एवढंच माझं ज्ञान.

तिथल्या एका जुन्या बोदेगाच्या, म्हणजे वायनरीच्या, तळघरात एका मावशींनी ग्रान रेसेर्वा, म्हणजे बरीच वर्षं मुरवलेली रेड वाइन, ओतून दिली. रंग विटकरी, कडेला तर जवळजवळ चहासारखा. ग्लास नाकाशी नेला आणि थांबलोच. सुकं खोबरं! मग लवंग. मग आजीची शिसवी पेटी उघडल्यावर यायचा तसला वास. घोट घेतल्यावर वाळलेलं अंजीर, थोडी आंबट चेरी, आणि तोंडात बराच वेळ रेंगाळणारी उबदार चव. इतकी मऊ रेड वाइन मी आजवर प्यायलो नव्हतो.

आल्यापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. खोबरं, लवंग, पेटी यातलं द्राक्षातून काहीच आलेलं नाही, ते सगळं ओकच्या लाकडाचं, असं मावशींनीच सांगितलं. मग मला आवडलं ते नक्की काय? द्राक्ष की लाकूड? आणि लाकडाचीच चव असेल, तर 'रिओहाची चव' म्हणण्यात अर्थ काय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. न पिणाऱ्यांचंही स्वागत आहे.

चहाबाज

न पिणारा पहिला हजर. वाचतोय. सुक्या खोबऱ्याने भूक लागली.

अनुस्वार

धागा छान. एक शंका: रिओजा की रिओहा? दुकानात सगळे रिओजाच म्हणतात.

बिल्बाओची_चिमणी

रिओहा. स्पॅनिशमधला तो 'ज' घशातून येतो, आपल्या 'ख' आणि 'ह' यांच्या मधला. आणि आरोचं स्पेलिंग 'ह'ने सुरू होतं, पण तो उच्चारत नाहीत. म्हणजे जिथे दिसत नाही तिथे 'ह' म्हणायचा आणि दिसतो तिथे गिळायचा. मला रुळायला वर्ष लागलं.

मुळाकाठ, मी बिल्बाओत नऊ वर्षं आहे. आरो इथून गाडीने तासाभरावर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी पिंप तिथे पोचलं कसं ते सांगते. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

तोंडीलावणं

मी आधीच विरोधी मत नोंदवून ठेवतो. रिओहाच्या बऱ्याच वाइनमध्ये लाकूड इतकं असतं की कपाट चाटल्यासारखं वाटतं. द्राक्ष कुठेतरी मागे बिचारं हात वर करून उभं असतं. माझ्या मते हा प्रदेश त्याच्या होवेन वाइनमध्ये कळतो, म्हणजे ज्यांना लाकूड फारसं किंवा अजिबात लागलेलं नसतं त्या. रिओहाच्या अलावेसा नावाच्या भागातले छोटे शेतकरी द्राक्षं न खुडता आख्खे घड हौदात टाकतात, दाण्याच्या आतच आंबणं सुरू होतं. ती वाइन प्या. जांभळी, रसरशीत, ताज्या करवंदासारखी. ती तेम्प्रानियोची, म्हणजे रिओहाच्या मुख्य द्राक्षाची, खरी चव.

रसायनी

दोघांचंही बरोबर आहे. थोडं रसायन सांगते, मग भांडा.

खोबऱ्याचा वास येतो लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे. ती ओकच्या लाकडात मुळातच असतात, अमेरिकन ओकमध्ये फ्रेंच ओकपेक्षा बरीच जास्त. रिओहात परंपरेने अमेरिकन ओक वापरला जातो, म्हणून खोबरं तिथे ठळक. बर्बन व्हिस्कीतही तोच वास, कारण लाकूड तेच.

व्हॅनिलाचा वास व्हॅनिलिनचा. पिंप बांधताना आतून भाजतात, त्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन फुटून ते तयार होतं. धुरकट वासही त्या भाजण्याचाच.

आणि लवंग! ही माझी आवडती. ओकमध्ये युजेनॉल असतं. आपल्या लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक युजेनॉलच. म्हणजे मुळाकाठ यांना लवंगेचा 'भास' झाला नाही, लवंगेत जो रेणू आहे तोच रेणू त्यांच्या नाकात गेला.

चहाबाज

रसायनीताई, हा प्रतिसाद शाळेत मिळाला असता तर मी सायन्सला गेलो असतो.

बिल्बाओची_चिमणी

हं, आता सविस्तर.

रिओहात वाइन हजारो वर्षं आहे, पण पिंपात मुरवणं त्या मानाने नवं. पूर्वी वाइन बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींतून न्यायचे. ती वर्षभरात पिऊन संपवायची, नाहीतर आंबट व्हायची. १७८०च्या दशकात लाबास्तिदा गावचा मान्वेल किन्तानो नावाचा एक धर्मगुरू फ्रान्समधल्या बोर्दोला जाऊन पिंपात मुरवण्याची पद्धत शिकून आला. त्याची वाइन टिकायला लागली. पण पिंपांचा खर्च मोठा, म्हणून त्याला भाव जास्त हवा होता. स्थानिक अधिकाऱ्यांनी ठणकावलं की सगळ्यांना भाव एकच. संपला प्रयोग. मला ही गोष्ट वाचून फार वाईट वाटलं होतं. माणूस पाऊणशे वर्षं आधी जन्मला.

कारण १८५०च्या सुमारास लुसिआनो मुर्रिएता तीच विद्या बोर्दोहून घेऊन आला आणि त्याचं नाव झालं, पुढे तो मार्केस दे मुर्रिएता झाला. १८५८ साली एलसिएगोला मार्केस दे रिस्काल ही बोदेगा सुरू झाली, त्या भागात झाँ पिनो नावाचा फ्रेंच तज्ज्ञ शिकवायला आणला गेला. तेवढ्यात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड पडली. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना वाइन मिळेना, ते डोंगर ओलांडून आरोला आले. आरोला रेल्वे होतीच. स्टेशनला लागून बोदेगा उभ्या राहिल्या, म्हणजे पिंप तळघरातून थेट डब्यात. लोपेस दे एरेदिया १८७७, कूने १८७९, ला रिओहा आल्ता १८९०. त्या वस्तीला आजही 'स्टेशनची पेठ' म्हणतात, बार्रिओ दे ला एस्तासिओन. मुळाकाठ बहुतेक तिथेच गेले असणार.

पिंपाचं माप २२५ लिटर, तेही बोर्दोचंच. पण फ्रेंच ओक महाग, आणि स्पेनचा अटलांटिकपलीकडे जुना व्यापार, म्हणून लाकूड अमेरिकेचं आलं. पद्धत फ्रेंच, लाकूड अमेरिकन, द्राक्ष स्पॅनिश. तोंडीलावणं म्हणतात ते 'कपाट' तिथल्या इतिहासातूनच आलंय हो! ते काढलं तर जे उरेल ते छान असेल, पण मी ज्याला रिओहा म्हणते ते नसेल.

तोंडीलावणं

चिमणीताई, किन्तानोची गोष्ट आवडली. पण इतिहास जुना म्हणून चव चांगली असं होत नाही ना? ऐंशी-नव्वदच्या दशकापासून कितीतरी बोदेगा फ्रेंच ओककडे वळल्या, लाकूड कमी केलं, फळ जास्त ठेवलं. त्यांचीही रिओहाच आहे.

निफाडकर

मी नाशिक भागात एका वायनरीच्या तळघरात काम करतो. पिंपं रोज हाताळतो म्हणून चार शब्द.

लोक समजतात पिंप म्हणजे मसाल्याचा डबा, वाइन ठेवली की मसाला उतरतो. ते फक्त नव्या पिंपाचं. पहिल्या भरणीला लाकूड जोरात बोलतं, दुसऱ्या-तिसऱ्याला आवाज उतरतो, चार-पाच वर्षांनी जवळजवळ गप्प. जुनं पिंप चव देत नाही, हवा देतं. फळ्यांतून, सांध्यांतून अगदी थोडी हवा आत जाते. त्याने वाइनचा तुरटपणा मऊ होतो, रंग जांभळ्यावरून विटेवर येतो. आतली वाइन थोडी थोडी उडून जाते, म्हणून वेळोवेळी पिंप वरपर्यंत भरून घ्यावं लागतं. ते विसरलं की वर मोकळी जागा राहते आणि वाइन बिघडते. एकदा माझ्या हातून असं एक पिंप राहून गेलं होतं. उघडलं तर व्हिनेगरचा वास. त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेम्प्रानियोबद्दल: आपल्याकडे नाशिक भागातही ती लावली गेली आहे. नावाचा अर्थच 'लवकर येणारी', इतरांआधी पिकते. पण स्पेनमध्ये वेल हिवाळ्यात झोपते, आपली झोपतच नाही. म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशी दोनदा कात्री चालवतो, नि माल जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतो. रिओहात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेच द्राक्ष, पण आयुष्य निराळं.

मुळाकाठ

निफाडकर, 'चव देत नाही, हवा देतं' हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

चिमणीताई, हो, स्टेशनच्या पेठेतच होतो. तिथे काही बोदेगा आपली पिंपं स्वतःच बांधतात. अशा एका शाळेइतक्या मोठ्या शेडमध्ये आम्हाला नेलं. एक कारागीर, पन्नाशीचा असेल, मनगटाएवढ्या फळ्या गोल उभ्या करून वरून लोखंडी कडी ठोकत होता. खाली फळ्या फाकलेल्या, घागऱ्यासारख्या. मग मध्ये ओकच्याच तुकड्यांची शेगडी ठेवली आणि बाहेरून ओल्या फडक्याने फळ्या पुसत राहिला. आत विस्तव, बाहेर पाणी. लाकूड हळूहळू वाकायला लागलं, तसा तो खालून तारेचा दोर आवळत गेला. ना खिळा, ना डिंक. शेडभर भाजलेल्या पावासारखा वास. त्याने आत हात घालून फळी चाचपली, मान हलवली, अजून थोडा वेळ ठेवलं. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

तेव्हापासून 'लाकडाची चव' हा शब्द मला थोडा कमीपणा आणणारा वाटतो. त्या माणसाच्या हाताची चव म्हणावं.

माडांची_सावली

गोव्यातून. अवांतर करते, पण राहवत नाही. आपला 'पिंप' हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'पिपा'वरून आलाय! म्हणजे दारूचं पिंपच आपल्या भाषेत राहायला आलं आणि मग आपण त्यात पाणी भरलं. बटाटासुद्धा तिकडचाच.

आणि त्यावरून: रिओहात बटाटा आणि चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) यांचा एक रस्सा करतात, पातातास आ ला रिओहाना. बटाटा सुरीने पूर्ण कापायचा नाही, थोडा कापून कचकन मोडायचा, म्हणजे पीठ सुटून रस्सा दाट होतो. आमच्याकडे गोव्याचे चोरीस आणि बटाटे घालून जे करतात त्याचा हा चुलतभाऊच. फक्त आमच्यात मिरची आणि व्हिनेगर दणकून. मी क्रियान्साबरोबर, म्हणजे थोडीच मुरवलेल्या रिओहाबरोबर, गोव्याचा चोरीस-पाव खाऊन बघितला. तिखटाने वाइनचा तुरटपणा दुप्पट झाला, मजा गेली. दुसऱ्यांदा चोरीस थोडे, कांदा-बटाटा जास्त घातला, तेव्हा जमलं.

खवय्या_कोल्हापुरी

म्हणजे तांबड्या रश्शाबरोबर चालणार नाही म्हणता?

माडांची_सावली

रस्सा जिंकेल, वाइन हरेल. पांढऱ्या रश्शाबरोबर बघा बरं, मला उत्सुकता आहे. तिकडे कोकराच्या बरगड्या द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांवर भाजतात, वर फक्त मीठ. त्या धुराशी ही वाइन छान जमते.

खवय्या_कोल्हापुरी

मीठ फक्त? गरीब बिचारं कोकरू. पण करून बघतो. निफाडकर, छाटणीनंतरच्या काटक्या पाठवा एक पोतं.

निफाडकर

औषध फवारलेल्या बागेच्या काटक्या चुलीत घालू नका. आमच्या परसात मांडवावर एक वेल आहे, त्याच्या देतो. याच घ्यायला.

सांजफेरी

लेबलवरच्या शब्दांचा कोणीतरी उलगडा करा. क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा यात चांगली कुठली?

बिल्बाओची_चिमणी

हे शब्द वयाचे आहेत, गुणांचे नाहीत. रेड वाइनसाठी नियम असा: क्रियान्सा एकूण किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, त्यात किमान एक पिंपात. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, त्यात किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. बाटलीच्या मागे नियामक मंडळाचा शिक्का असतो: साधी हिरवा, क्रियान्सा लाल, रेसेर्वा गडद मरून, ग्रान रेसेर्वा निळा. दुकानात पाठ बघून घ्यायची.

हे किमान आहे बरं. लोपेस दे एरेदियावाले त्यांच्या विन्या तोंदोनिया या वाइनची रेसेर्वा पिंपात सहा-सहा वर्षं ठेवतात. तरी ती कपाटासारखी लागत नाही, कारण त्यांची पिंपं जुनी. निफाडकर म्हणाले तेच: हवा.

तोंडीलावणं

तोंदोनिया मी प्यायलोय आणि प्रामाणिकपणे सांगतो, तिच्यापुढे माझा मुद्दा लंगडा पडतो. लाकूड वेगळं काढून दाखवता येत नाही. पण ती अपवाद. नव्या अमेरिकन पिंपात ठासून भरलेल्या वाइन अजूनही मला नकोत. माझा राग लाकडावर नाही, घाईवर आहे असं आता लिहिताना वाटतंय.

अनुस्वार

वरच्या प्रतिसादाला +१. धाग्यावर मत बदललेलं क्वचितच दिसतं.

रसायनी

ही 'हवा' नक्की काय करते ते राहिलंच. सालीतून आलेलं टॅनिन म्हणजे तो तुरटपणा, कच्च्या जांभळाने जीभ आकसते ना, तसा. ऑक्सिजन हळूहळू मिळाला की टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांशी जुळून लांब साखळ्या होतात. तोंडाला मऊ लागतात. फार मोठ्या झाल्या की खाली साका बसतो. जुन्या बाटलीच्या तळाला दिसतो तो हाच, घाबरायचं काही नाही.

तेम्प्रानियोचा स्वतःचा सुगंध फार भडक नाही. चेरी, आलुबुखार, थोडं चामडं. म्हणून लाकूड तिच्यावर छान बसतं. सोबतीला गार्नाचा अंग भरून देते, ग्रासियानो आणि मासुएलो आंबटपणा आणि रंग. द्राक्ष अगदीच दुबळं असेल तर पाच वर्षांनी फक्त लाकूड उरतं. म्हणजे मुळाकाठ यांना मागून चेरी लागली हे महत्त्वाचं. द्राक्ष टिकलं होतं.

आबासाहेब_७१

मी ज्येष्ठ नागरिक, मुलाकडे माद्रिदला चार महिने होतो. मुलगा म्हणे बाबा, रिबेरा देल द्वेरो घ्या, रिओहा म्हाताऱ्यांची. द्राक्ष तेच म्हणे, तिथे त्याला तिंतो फिनो म्हणतात, पठार उंच, रात्री गार, वाइन काळीभोर आणि दमदार. घेतली. चांगली होती. पण मला रिओहाच आवडली. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याची भाषा कळते.

चहाबाज

आबासाहेब, नमस्कार. आजचा प्रतिसाद तुमचा.

सांजफेरी

चिमणीताई, धन्यवाद. शिक्का बघून रेसेर्वा आणली होती, पण कडू-गोड काढ्यासारखी लागली. फळ नाहीच, उकडलेल्या आलुबुखारासारखं काहीतरी. बूचही थोडं वर आलेलं. जवळपास दोन दिवसांचा पगार त्यात गेला हो.

निफाडकर

बाटली कुठे ठेवलेली होती दुकानात?

सांजफेरी

शोकेसमध्ये. पश्चिमेला तोंड असलेल्या काचेत.

निफाडकर

तिथेच मेली ती. वर आलेलं बूच ही खूणच, आतली वाइन तापून फुगली. पाच वर्षं अंधारात, गारव्यात सांभाळलेली वाइन आपल्या एका उन्हाळ्यात काचेमागे शिजते. तुमचा दोष नाही. पुढच्या वेळी मागच्या गार कोपऱ्यातली मागा, बूच सपाट आहे का ते बोटाने बघा. आणि 'रूम टेंपरेचर'ला प्या असं जे लिहितात ते त्यांच्या खोलीचं. आपण वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावी, १६ ते १८ अंशांवर छान लागते.

सांजफेरी

हे कोणी आधी का नाही सांगितलं. खूप आभार.

बिल्बाओची_चिमणी

थोडं हलकं: २९ जूनला, सान पेद्रोच्या दिवशी, आरोजवळच्या डोंगरावर वाइनची लढाई असते. सगळे पांढऱ्या कपड्यांत जातात आणि एकमेकांवर रेड वाइन ओततात. बादल्या, पिचकाऱ्या, फवारणीचे पंपसुद्धा. उतरताना सगळे जांभळे. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा रंगपंचमी आठवून डोळ्यांत पाणी आलं. थोडं वाइनमुळेही. (ग्रान रेसेर्वा कोणी ओतत नाही, काळजी नसावी.)

मुळाकाठ

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. मूळ प्रश्न माझाच, तेव्हा करून बघायचं ठरवलं. तीन बाटल्या जमवल्या: होवेन, क्रियान्सा, ग्रान रेसेर्वा. पहिल्या दोन इथे मिळाल्या, तिसरी मित्राने येताना आणली. निफाडकरांच्या सांगण्याप्रमाणे थोड्या गार केल्या. सोबत माडांची_सावली यांचा रस्सा, बटाटे मोडून. सहा जण, तिन्ही ग्लास शेजारी शेजारी.

होवेन: तोंडीलावणं यांचं करवंद अगदी अचूक. मला वाटलं होतं साधी लागेल, पण पहिली बाटली तीच संपली.

क्रियान्सा: इथे लाकूड सगळ्यात जास्त जाणवलं. व्हॅनिला पुढे, चेरी मागे, दोघं अजून एकमेकांना नवखे. रश्श्याबरोबर मात्र हीच सगळ्यांना आवडली.

ग्रान रेसेर्वा: लाकडात सगळ्यात जास्त राहिलेली हीच, पण लाकूड कुठे संपतं आणि द्राक्ष कुठे सुरू होतं ते सहाही जणांना सांगता येईना. आम्ही भांडलो. एक म्हणे अंजीर हे द्राक्षाचं, एक म्हणे वयाचं. पाऊण तासाने ग्लासात तीच वाइन आणखी बदलली, तंबाखूच्या पानासारखा वास आला, मग भांडण नव्याने सुरू.

सकाळी आई ग्लास विसळत होती. ती वाइनला शिवत नाही. एक रिकामा ग्लास नाकाजवळ धरून मला हाक मारली, "अरे, यात लवंगा भिजत घातल्या होत्यास का?"

रसायनी

युजेनॉल! काकूंना माझा नमस्कार सांगा.

तोंडीलावणं

होवेन पहिली संपली याची नोंद घेण्यात यावी.

निफाडकर

फेब्रुवारीत तोडणी आहे. काकूंना घेऊन या तळघरात, वास घ्यायला. नवं पिंप येतंय.